उष्टावण आणि जुना कॉम्प्युटर

—परत तेच? हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते आणि मग तो मेला डबा येतो, ‘चालणार नाही’! घटकाभरात तिकडे अमेरिकेत नातवाचं उष्टावण आहे रे, पहिला घास — तू राधाबाईंचा नातू ना, लक्ष्मी तलावाजवळचा? मग इथे हिंदीत वाढलास तरी मराठी समजतंच, बोलू नकोस हवं तर, हात चालव. काय? तारीख? दोन हजार दोन दाखवतंय? आतला सेल गेलाय, बंद केलं की मागे जातं — राहू दे ना तसंच, तेव्हा माझा मुलगा, श्रीकृष्ण, इथेच होता, याच खुर्चीत... बरं बरं, त्यानं अडत असेल तर कर दुरुस्त.

तरी नाही? व्हिडिओ कॉलचा नवा प्रोग्राम म्हणतो ही कॉम्प्युटरची एक्सपी जुनी झाली, आणि जुना टाकला तर तो म्हणतो मीच जुना, नवा आण — मग माणसानं करायचं काय? आणि तिकडे बघ, विहीणबाई! स्नेहलताबाई! बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच, सहा महिने झाले. घास भरवणार मामा, म्हणजे त्यांचाच मुलगा, मांडीवर घेणार त्या, बाळ हसतं कुणाला बघून — त्यांना! जळते मी, हो, जळते, कशाला खोटं बोलू? माझ्याकडे काय? ही वाटी. श्रीकृष्णाच्या उष्टावणाची, चांदीची. खीर करून ठेवलीय पडद्यासमोर, तो तिकडे खाईल तेव्हा मी इकडून वाटी पुढे करणार होते — हसू नकोस.

मोबाइल? मोबाइलवर का बघू मी? आहे की, नाही असं नाही — दिवाळीला विहीणबाईंनीच पाठवला, सगळं आत भरून, वर चिठ्ठी, ‘तुम्हालाही बाळ दिसावं म्हणून’. तुम्हालाही! म्हणजे माझा नातू मला त्यांच्या मेहेरबानीनं दिसणार? कपाटात टाकून दिला. हात लावत नाही. रोज चार्ज तेवढा करते, बॅटरी खराब होते म्हणतात म्हणून, दुसरं काही नाही. हं, परवा एकदा त्यांचा फोन आला, मी नुसती बघत उभी राहिले, वाजून वाजून थांबला. पडद्यावर बाळाचा फोटो येतो रे, वाजतो तेव्हा. दात आलाय खालचा. म्हणून आणखी वाजू दिला.

तू लाव ना त्या पट्टीकडे लक्ष, एकदा आणखी — काय ऐकू येतंय? कुठे? कपाटात असेल काहीतरी. वाजू दे. थांबेल आपोआप... थांबेल ना? थांबला तर मग परत करतात का लोक?

सरक. सरक बाजूला, किल्ली त्या गणपतीमागे आहे, दे इकडे — हे बघ, तोच फोटो — हिरवं दाबायचं ना? हिरवं. बस, एवढंच हवं होतं. ती वाटी दे माझ्या हातात. आणि जा आता तू, दार ओढून घे. जा म्हटलं ना!