नवीन येणार आहे म्हणे

— नाही, नाही, ते परत कपाटात ठेवू नका. काउंटरवरच राहू द्या. आणि तो चकचकीत कागद आधी बाजूला करा बघू — तो, ‘पुढच्या महिन्यात’ लिहिलेला. मला माहीत आहे काय येणार आहे ते. रंगीत पडदा येणार, आतच फोन असणार, आपण बोललेलं आपोआप लिहून घेणार — तुमच्यापेक्षा जास्त मला माहीत आहे. घरी फाईल आहे माझ्याकडे कात्रणांची. मासिकांतली, वर्तमानपत्रांतली, ऑफिसातल्या एकाच्या मेव्हण्याने आणलेली एक पुस्तिकासुद्धा. दोन वर्षं हेच केलंय मी. तेव्हा ‘थांबा’ एवढा एक शब्द सोडून तुम्ही काय वाटेल ते बोला.

ओरडलो का मी? ओरडलो असेन. माफ करा. तिकडे खिडकीपाशी खुर्चीवर बसलीय ना, निळ्या शालीतली — ती माझी बायको. तिच्यासाठी हवंय. खिशात मावणारी डिजिटल डायरी, बस. नावं, नंबर, वेळेवर वाजणारा गजर. खेळ नकोत, हिशेब नकोत, काही नको. — कशी आठवणार तुम्हाला आम्ही, रोज शंभर माणसं येत असतील. पण मला तुम्ही आठवता. तेव्हा मिशी होती तुम्हाला. ह्याच काउंटरवर तुम्ही हिच्या हातात ते काडीवालं यंत्र दिलंत आणि म्हणालात, बाई, पडद्यावर ह्या काडीने लिहायचं, पण आपलं नेहमीचं अक्षर नाही चालत, ह्याची वळणं वेगळी, शिकायला आठवडा लागतो. आणि वळणांचा एक कागद पुढे ठेवलात. दहा मिनिटं. दहा मिनिटांत हिने कागद उलटा करून ठेवला आणि न बघता लिहायला लागली. तुम्ही हसून म्हणालात, बाईंना इथेच नोकरीला ठेवू का? तर ही म्हणाली, आहे हो मला नोकरी. — तेव्हा होती.

मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती ही. सव्वीस वर्षं. चारशे नंबर तोंडपाठ — वॉर्ड, स्वयंपाकघर, औषधांचं गोदाम, एकेका डॉक्टरच्या घरचा, सासुरवाडीचासुद्धा. आमच्या घरात नंबरांची वही कधी नव्हतीच. मी नुसतं म्हणायचो ‘नळवाला’, की ही केस विंचरता विंचरता नंबर सांगून मोकळी. आणि मी? मी पंपांच्या कारखान्यात, खरेदी खात्यात. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय एक स्क्रू घेत नाही, अशी माझी ख्याती. त्या दिवशीही तेच केलं. म्हटलं, आत्ता घेतलं आणि पुढच्या महिन्यात नवीन आलं म्हणजे? तुम्ही म्हणालात, हो साहेब, कानावर आलंय खरं, पडद्याला आतून दिवा येणार आहे म्हणे. तुमचा काय दोष? गिऱ्हाईक जे विचारतं त्याचं उत्तर दिलंत. हिने ती काडी जिथल्या तिथे खोचून ठेवली. जिन्यात मला म्हणाली, ‘अहो, मला नवीन नकोय. मला आत्ता हवंय.’ एकदाच म्हणाली. एक गोष्ट दोनदा मागायची सवयच नाही तिला.

मग दिवा आला. मी म्हटलं, आता रंगीत येतंय. रंगीत आलं, तर म्हटलं, सेल फार खातं म्हणतात, पुढचं बघू. मग फोनचं ऐकलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे — आणि हे म्हणे खरेदी खात्यातलं डोकं! इकडे घरात काय चाललं होतं? एकदा कपडे धुताना हिच्या ब्लाउजच्या बाहीतून कागदाचा बोळा निघाला. भिजलेला. उलगडला तर नंबर. एकच नंबर, ब्लड बँकेचा, अकरा वेळा लिहिलेला. मी काय केलं असेन? तो बोळा खिडकीत वाळत ठेवला. इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवून दिला. मग असे चष्म्याच्या घरात सापडले, चपलेत सापडले. मी प्रत्येक वेळी नीट घडी करून परत ठेवायचो — जसं काही हरवलेलं बटण परत करावं.

आणि एक दिवस भर दुपारी ऑपरेशन थिएटरने ब्लड बँक मागितली आणि हिने लाँड्री जोडून दिली. — नाही, काही झालं नाही हो. मिनिटभरात दुसरीने सावरलं. पेशंट चालत घरी गेला, मी स्वतः जाऊन विचारून आलो. पण हिने कानावरचा हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि ऑपरेटरांच्या मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘मला आता त्या खुर्चीवर बसवू नका.’ सव्वीस वर्षांची खुर्ची, स्वतःच्या तोंडाने सोडली.

डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला हाताला लागलेली सवय बराच काळ टिकते. नोंदी ठेवायची, गजर लावायची सवय तेव्हाच लागली असती, तर वर्ष-दीड वर्ष छान निभलं असतं. तेव्हा काही लक्षात नाही आलं का तुमच्या? मी म्हटलं, नाही. — तोंडावर सांगितलं, नाही म्हणून.

खोटं. — बघताय काय? खोटं बोललो. तुमच्या त्या दिव्याचं आणि रंगाचं मला काहीएक पडलं नव्हतं. जिच्या डोक्यात चारशे नंबर, ती वही मागते — कुणीही विचारेल ना, कशाला गं? मला विचारावं लागलं असतं. आणि तिने सांगितलं असतं. ती सांगायलाच आली होती इथे, त्या दिवशी, ह्या जिन्यात — ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून यंत्रांचं बोलत राहिलो. दर महिन्याला काहीतरी नवीन येणार असायचंच, मला फुकटचा आधार. दोन वर्षं मी तिला... जाऊ दे. कुणाला सांगतोय मी हे. तुम्ही आपले यंत्रं विकणारे.

मघाशी तुम्ही आत गेलात तेव्हा मी तिच्या हातात इथल्या एका यंत्राची काडी दिली. कुठलं टोक खाली धरायचं, तेच कळेना. मग तिने ती हळूच माझ्या खिशात लावली, पेन लावतात तशी. हसली. तेव्हा काडीवालं नको. हे द्या, बटणांचं, जाड अक्षरांचं. कंपनीने बंद केलंय? करू दे. शेवटचं आहे? मग तर ह्याच्यापेक्षा नवीन काय निघालं ते बघायलाच नको. सेल घाला. नंबर मी सांगतो, तुम्ही भरा. धाकटी बहीण — ‘ताई’ नका लिहू, ही तिची ताई, ‘छकुली’ लिहा. हो, पन्नास वर्षांची छकुली. मग डॉक्टर. मग शेजारच्या वहिनी.

माझा? माझ्या नावाने नको. नावाने हाक मारलीय कधी तिने? ‘अहो’ लिहा. हो, नुसतं ‘अहो’.

नाही — खोडा ते. खोडता येतं ना? आज सकाळी चहा घेऊन आत गेलो, तर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावरच्या आवाजात, अगदी गोड, घासूनपुसून लख्ख, म्हणाली, ‘नमस्कार, कोण हवंय आपल्याला?’ मी म्हटलं, तूच. तर म्हणाली, ‘त्या रजेवर आहेत. काही निरोप ठेवायचाय का?’

ठेवला मी निरोप. काय ठेवला ते तुम्हाला कशाला?

‘घर’ लिहा. घर. नंबर तोच.

झालं? आणा इकडे. खोका नको, पिशवी नको, तिच्या हातातच देतो. — नाही, तुम्ही काही बोलू नका. मागे गिऱ्हाईक खोळंबलंय, त्यांच्याकडे बघा. जा, बघा त्यांच्याकडे.