बकरीची मच्छरदानी

एटापल्लीच्या दवाखान्यात सागवानाच्या लागवडीवरचे दोन मजूर माझ्या शेजारी बाकावर बसले होते. रक्त देऊन झालं होतं, रिपोर्ट यायचा होता.

“लटारूभाऊ, काऊन थरथरून राह्यले? थंडी वाजते?”

“भेव वाटते, रुखमाबाई. काल कणकण आली. दोन वर्सं ऐन लागवडीत मलेरिया झाला, एक रोप लावलं नाई. औंदाबी झाला तर मुकादम मले कामावर घेत नाई.”

“सरकारी मच्छरदानी भेटली होती ना तुमाले?”

“बकरीवर टांगली होती. मच्छर लय चावत तिले.”

“अन् तुमी?”

“मी बाहेर. बकरी ठणठणीत, मी खाटेवर.”

“मंग औंदा?”

“औंदा अक्कल आली. मच्छरदानीत मी झोपलो.”

“अन् बकरी?”

“तीबी. दोन वर्साची सवय, कशी मोडावी? आधी ती घुसते, मंग मी. कडा चटईखाली मीच खोसतो.”

“लटारू मडावी!” खिडकीतून सिस्टर ओरडल्या. “मलेरिया नाही! साधी सर्दी आहे!”

“सिस्टर, अजून एकडाव सांगा. जोरात.”

“का हो? ऐकू नाही आलं?”

“मले आलं. बकरी बाहेर बांधली हाये.”