हजेरीतलं दोनशे सतरावं नाव

सही करणार नाही असं कुठे म्हणालो मी? पेन तेवढं खाली ठेवा. ड्रायव्हर विल्बर गाडी दोनला सुटते म्हणतो, ते आपलं म्हणायला — गाडी सुटते जागा भरल्या की, आणि अजून तीन रिकाम्या आहेत. इकडे सरका, बाकाच्या त्या टोकाला ऊन आहे. मका घ्या, आज सकाळीच भाजलाय. तर तुम्ही डॉक्टर. सुई टोचता येत नाही, नाडी बघता येत नाही, तरी डॉक्टर — राज्यशास्त्राच्या. म्हणजे राज्य आजारी पडलं की तुम्हाला बोलावतात? मग आपल्या पेरू देशात तुम्हाला जेवायलासुद्धा फुरसत मिळायला नको.

वाचलं ना, सगळं वाचलं. चव्वेचाळीस पानं. एकतीस वर्षं नगरपालिकेत कारकून होतो, कागद वाचायला मला चष्मा लागतो, धीर लागत नाही. ‘उचुपाम्पा : महामारीतील यशस्वी धोरणाचा अभ्यास.’ लसीकरण नव्याण्णव टक्के. आणि एवढे कसे, तर कारणं चार — संस्थांवरचा विश्वास, स्त्रियांचं नेतृत्व, पक्षांपासूनचं अंतर, आणि चौथं काय ते… हां, सामाजिक भांडवल. बाई, या चौकात तुम्ही चार वेळा आलात. भांडवल दिसलं कुठे तुम्हाला? मला एक चर्च दिसतं, दोन कुत्री दिसतात, आणि ते कारंजं दिसतं. चार नगराध्यक्षांनी त्याचं उद्घाटन केलं आणि पाणी एकालाही सापडलं नाही. त्यावरचा विश्वास म्हणता का तुम्ही? पान अकरावर माझंही नाव आहे, ‘गावसभेचे सचिव सातुर्निनो अय्वार यांची काटेकोर नोंदवही’ — काटेकोर. हा शब्द माझ्या बायकोला वाचून दाखवला तर ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हसून गेली.

आणि शेजारच्या चाक्रापाताला तुम्ही काय ठरवलंत? एकसष्ट टक्के. तिथे अविश्वास, तिथे अफवा, तिथे पास्टरचा प्रभाव. अहो, तो पास्टर रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा होता, बाही वर करून, थंडीत कुडकुडत. एकसष्ट का, सांगू? तिथली यादी शाळेच्या नेलिदाबाईंकडे होती. त्या दंडावरचा कापूस बघायच्या आणि मग खूण करायच्या. कापूस नाही, खूण नाही. एकसष्ट म्हणजे एकसष्ट. ज्या गावाने खरं लिहिलं त्याच्यावर तुम्ही सहा पानं अविश्वास लिहिलात, आणि आम्हाला मंत्रालयाकडून पितळी पाटी आली. ती बघा, कारंज्याला ठोकलीय.

काय? नाही, मी कुणावर आरोप करत नाही. मी हजेरीबद्दल बोलतोय. तुमच्या प्रश्नावलीत एकोणपन्नास प्रश्न होते — वडील किती शिकले, घरात रेडिओ आहे का, मत कुणाला दिलं — पण ‘तुमच्याकडे हजेरी कशी घेतात’ हा पन्नासावा कुणाला सुचला नाही. आता ऐका. आमच्याकडे फाएना असते, गावाचं काम. पाट उपसायचा, रस्ता नीट करायचा, सगळ्यांनी मिळून. सकाळी सचिव वही उघडतो आणि नावं घेतो. ज्याचं नाव आलं आणि उत्तर आलं नाही त्याच्या घराची पाण्याची पाळी गेली. म्हणून उत्तर येतंच. भाऊ वर डोंगरात लामांचा कळप चारायला गेला असला तर बहीण म्हणते ‘हजर’, आणि दोघांचं फावडं एकटी मारते. म्हातारा अंथरुणावर असला तर सून म्हणते ‘हजर’. यात खोटं काही नाही, घर हजर आहे ना, मग झालं. माझ्या आजोबांच्या वेळेपासून अशीच वही चालते. मेलेल्यालासुद्धा वर्षभर हजर म्हणतात, काढून टाकणं बरं दिसत नाही.

तर ऑगस्टमध्ये त्या नर्सबाई आल्या, बर्फाची पेटी घेऊन. सरकारी यादी यायची होती, ती आली नाही. म्हणाल्या, गावाची वही आहे ना, तीच वाचा. वाचली मी. इथेच, याच पायरीवर उभं राहून. चारशे बारा नावं. हजर, हजर, हजर — मी खुणा करतोय, आणि त्या तिकडे चर्चच्या पडवीत सुया टोचतायत. मधे भिंत. त्यांना वही दिसत नव्हती, मला दंड दिसत नव्हते. संध्याकाळी चारशे आठ खुणा. सुया लागल्या दोनशे चौसष्ट. उरलेल्या बाटल्या पुढच्या गावाला गेल्या आणि माझी वही जिल्ह्याला गेली, आणि जिल्ह्याने काय मोजलं? खुणा. दोनशे चौसष्ट म्हणजे चौसष्ट टक्के, बाई. चाक्रापाता एकसष्ट, आम्ही चौसष्ट. तुमच्या चार कारणांना वाटून घ्यायला तीन टक्के आहेत. भांडू देऊ नका त्यांना.

लिहून घेताय? घ्या. आणि हेही घ्या — चारशे बारातल्या ज्या चौघांना कुणी हजर म्हटलं नाही, ते का? ते गावाशी भांडलेले. पाण्यावरून, कुंपणावरून, एक तर डुकरावरून. त्यांच्यासाठी तोंड कोण उघडणार? पुढच्या महिन्यात नर्सबाई पुन्हा आल्या, राहिलेल्यांना घरोघरी जाऊन लस द्यायला. चाक्रापातात आठ दिवस राहिल्या, खाटेवरच्या म्हाताऱ्यांनासुद्धा टोचून आल्या. आमच्याकडे अर्धा दिवस. चार घरं. इतर कुठे जाणार, खूण होती ना सगळ्यांपुढे. दोनशे सतराच्या दारावरून गेल्या त्या, आणि ती खिडकीत बसली होती, त्यांनी हात केला, तिनेही केला —

कोण? कोणी नाही. उदाहरण दिलं मी. दोनशे सतरा, दोनशे अठरा, कुठलाही आकडा घ्या.

हं. तुमच्याकडे वहीची प्रत आहे, नाही का. बघा मग. तेओफिला अय्वार. हो, अय्वार. बहीण, मोठी. त्या दिवशी ती आलीच नाही. सुईला घाबरायची, मेंढराला टोचताना तोंड फिरवायची. मी म्हटलं, असू दे, पुढच्या खेपेला समजावून आणू. तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मी नाव घेतलं, तेओफिला अय्वार, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, सचिवाच्या घरचीच गैरहजर. मग मीच म्हटलं, हजर. नाव घेणारा मी आणि उत्तर देणारा मी. कुणी हसलंसुद्धा नाही, रीतच आहे ती. पुढच्या खेपेला नर्सबाई तिच्या दारावरून गेल्या तेव्हा मी इथेच पाटी पुसत होतो. जानेवारीत ती गेली. नऊ दिवसांत. ते चौघं भांडखोर अजून आहेत, अजून भांडतात, रोज दिसतात मला.

नको, पाणी नको.

द्या तो कागद. ‘वरील नोंदवही खरी असल्याचे मी प्रमाणित करतो.’ छान लिहिलंय. हे सहीशिवायच घेऊन जा. आणि ती प्रत इकडे करा, पेनही द्या — आता द्या. दोनशे सतरा. ही बघा, एक आडवी रेघ. बाकीच्या एकशे त्रेचाळीस खुणा घरोघरी फिरून काढायच्या असतील तर चारऐवजी चाळीस वेळा यावं लागेल तुम्हाला, आणि मग पुस्तक निघणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण ही एक माझी आहे. तेवढं तुमच्या नव्याण्णवातून कमी करा. नव्याण्णवचे नव्याण्णवच राहतात म्हणता? तरी करा.

भरली वाटतं गाडी. विल्बरने प्रवाशांची यादी काढलीय, पोलिसांना नाक्यावर दाखवावी लागते. बघा पुकारतोय तुम्हाला, लिमाच्या डॉक्टरबाई, लिमाच्या डॉक्टर—

हजर!

…

तुम्ही अजून बाकावरच आहात. आणि त्याने खूण केलीसुद्धा.

उठा. पळा.