बधिर होईपर्यंत

—नाही नाही, तुम्ही बोलू नका हो, जीभ अर्धी झोपलीय, चावून बसाल. नुसती मान हलवा. गाल जड वाटतोय? थोडासाच? मग आहे अजून वेळ. सात मिनिटं लागतात बधिर व्हायला, खालच्या दाढेला कधी कधी आठ. तोवर मी हत्यारांना हातसुद्धा लावत नाही, घाबरू नका. आज पहिलीच खेप, या दाढेसाठी अजून दोनदा यायचंय तुम्हाला. हे? हे तुमचं औषध नाही लिहीत मी. हे माझं आहे जरा. लिहिते मी. हो, गोष्ट. हसू नका, कापूस पडेल तोंडातला.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यात कसली गोष्ट? मग कुठे लिहू, सांगा ना. घरी? घरी सकाळी सगळ्यांचे डबे, संध्याकाळी सासूबाईंचे पाय शेकायचे, मग नवऱ्याचा चष्मा शोधायचा — असतो त्याच्याच कपाळावर, पण शोधायचा मी. एकदा त्याला माझी दया आली. म्हणाला, तू लिही निवांत, मी आईला घेऊन ताईकडे जातो आठ दिवस. आणि गेले की हो खरंच! अख्खं घर मोकळं. मी काय केलं? माळा आवरला. पडदे धुतले. बरण्यांना लेबलं लावली, मग त्यावरचं माझंच अक्षर आवडलं नाही म्हणून पुन्हा लावली. आठ दिवसांत चार ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. तो आला तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटली मला. आणि नवव्या दिवशी इथे पहिला पेशंट, इंजेक्शन दिलं, घड्याळ बघितलं — दीड पान! अकरा वर्षं चाललंय हे असं. दिवसाला चार-पाच जणांना बधिर करते, तेवढंच माझं लिहिणं. फार सुख आहे हो त्यात.

आणि कागद हे असे, औषधाच्या चिठ्ठ्या, मागची बाजू कोरी असते ना. एकदा घाईत गोष्टीची चिठ्ठीच गेली पेशंटबरोबर. अर्ध्या तासात औषधाच्या दुकानातून फोन — डॉक्टर, ‘तिने ट्रंक उघडली आणि ती रडायला लागली’ हे आमच्याकडे येत नाही, बदली दुसरं काही चालेल का? — अहो कापूस, कापूस सांभाळा!

बाहेर तो आवाज येतोय ना, ती माझी लेक. तीही दातांचीच डॉक्टर, सहा महिने झाले इथे बसायला लागून. हुशार आहे, हात हलका आहे — माझ्यापेक्षा हलका, खोटं कशाला बोलू? पण तिने नवीन औषध आणलंय. दीड मिनिटात बधिर! पेशंट खूश, ती खूश, बाहेरची गर्दी भराभर कमी. आणि मी? दीड मिनिटात माझं पेनाचं टोपण निघतं फक्त. तुम्हाला? तुम्हाला ना... जुनं दिलंय. — अहो उठू नका! बसा, बसा. चांगलंच आहे ते, फक्त सावकाश चढतं. माझी स्वतःची दाढ त्याच्यावरच काढून घेतलीय मी. पण सोमवारपासून जुनं बंद. काल बजावलंय तिने — आई, लोक उगाच ताटकळतात, एका तरी पेशंटने मागितलंय का तुझं जुनं? कोण मागेल? तिला लिहिण्याचं ठाऊकच नाही. सांगायची हिंमत होत नाही मला. अकरा वर्षं आई लोकांना खुर्चीत बसवून गोष्ट लिहीत होती, कसं दिसतं ते! म्हणजे माझे चार दिवस उरले. — काय गं? नाही, अजून नाही झालं बधिर. हो, झालं की सांगते.

आणि गंमत बघा, एवढी मोलाची सात मिनिटं आणि मी तुमच्याशी बडबडत बसलेय. का? तर अडलंय. ही गोष्टीतली बाई वीस वर्षांनी धाकट्या बहिणीकडे आलीय, भांडण मिटवायला. दार वाजवलंय. आणि चार महिने तशीच दारात उभी! पुढचं वाक्यच सुचत नाही. वाचू? वाचतेच. ‘तिने दार वाजवलं. आतून पावलं ऐकू आली. ती दाराला अगदी लागून उभी होती, आणि तिला वाटलं, पळून जावं.’ बस्स, इथेच गाडी थांबलीय. आजवर कुणाला वाचून दाखवलं नव्हतं, तुम्ही पहिले. तुमची जीभ झोपलीय तेच बरं.

काय? काय हवंय? पाणी? पेन? घ्या. अहो त्यावरच नका — बरं, लिहा. तुम्ही पोस्टमन ना? केस पेपरवर आहे. द्या बघू. ‘दार वाजवलं की माणूस एक पाऊल मागे सरतो. मी तीस वर्षं सरतोय.’

अगं बाई! एक पाऊल मागे! अहो, मी हिला चार महिने दाराला नाक लावून उभं केलंय, ही हलणार कशी? ही मागे सरते — आणि आतून फटीतून बघणाऱ्या बहिणीला वाटतं, निघाली ही! म्हणून ती अनवाणीच— थांबा, खाली अजून आहे काहीतरी. ‘पुढच्या दोन्ही वेळेला जुनंच इंजेक्शन द्या. बहिणीचं काय झालं ते कळलं पाहिजे.’

डोळ्यांत पाणी आलं बघा माझ्या. सही करा खाली. तारीख घाला. — आलीस? हे घे, वाच. पेशंटची मागणी आहे, लेखी. वरचं? वरचं ना... ते माझं आहे. गोष्ट आहे. हो, मीच लिहिलीय. वाच, सावकाश वाच.

...गेली. दार बघा किती हळू लावून घेतलं तिने.

बधिर झालं? पूर्ण? नाही, थांबा, इतक्यात मान नका हलवू. दोन मिनिटं जास्तीची द्या मला. आणि आता अगदी गप्प बसा हं, एक शब्द नको. मी लिहितेय.