गुडघ्याचं निमित्त

(बेळगाव, वडगाव. नेमगोंडांच्या घराचा कट्टा. नेमगोंडा खुर्चीत, एक पाय स्टुलावर. त्यांची पत्नी त्रिशला शेंगा सोलत बसलेली. शेजारच्या गल्लीतला विणकर भरमा आत्ताच येऊन टेकला आहे.)

भरमा : राहू दे, राहू दे. पाय खाली घेऊ नका अण्णा, मी काय पाव्हणा न्हाय. करंट गेलाय, माग बंद पडल्यात. म्हटलं तेवढ्यात तुमचा गुडघा बघून येऊ. कुठला म्हणालतासा? डावा का उजवा?

नेमगोंडा : डावा.

त्रिशला : स्टुलावर उजवा आहे.

नेमगोंडा : दुखणं जरा सरकतं आहे.

भरमा : ह्या गुडघ्यातनं त्या गुडघ्यात? नवीनच ऐकायलोय. तेल लावलासा का मी आणलेलं?

नेमगोंडा : लावलं. उतार आहे.

भरमा : उतार आहे, उतार आहे, तीन आठवडं हेच ऐकतोय. ग्राउंडावर रोज सकाळी बॅडमिंटनला आलेली सगळी इचारत्यात. कॅप्टन शालूबाईंच्या तर जिवाला लागलंय. त्यांना वाटतंय, त्या हसल्या म्हणून तुम्ही यायचं सोडलासा.

नेमगोंडा : छे, छे. त्यांच्या हसण्याचं काय?

भरमा : त्या दिवशी न्हाय का, तुम्ही स्मॅश मारायला उडी घेतलासा, बॅट हातातनं सुटली ती चिंचेच्या झाडात जाऊन बसली...

नेमगोंडा : उडी म्हणता हा तुमचा मोठेपणा, भरमाण्णा. मी टाचा उचलल्या होत्या.

भरमा : टाचा तर टाचा. बॅट चिंचेत आणि शटल तुमच्या सदऱ्याच्या कॉलरीत. हसू येणारच की. पण आता शालूबाई हसायच्याच बंद झाल्यात. परवा मी जाळीत पाय अडकून आडवा झालो, तर कुणी हूं न्हाय का चूं न्हाय. सुतकातल्यावाणी खेळालोय सगळी.

नेमगोंडा : त्यांना सांगा, मला काहीच वाटलं नाही. मी स्वतःच हसलो होतो, घरी आल्यावर.

त्रिशला : ते खरं. मी भाकऱ्या थापत होते. चुलीपाशी येऊन मला सगळं करून दाखवलं, उलथनं हातात घेऊन. आणि एकटेच हसत बसले.

भरमा : मग? डॉक्टर काय म्हणाले गुडघ्याला?

त्रिशला : कुठला डॉक्टर?

नेमगोंडा : त्रिशला.

त्रिशला : माझ्यानं आता होत नाही. तुम्ही आलात की हे पाय वर घेतात, तुम्ही गेलात की उठून बाजारात जाऊन भाजी आणतात. काल वाचनालयाचा जिना दोनदा चढले, एक पुस्तक नको असलेलं आणलं म्हणून. गुडघ्याला काही झालेलं नाही, भरमाण्णा. पुढचं यांना विचारा.

भरमा : अण्णा?

नेमगोंडा : सांगतो. पण ऐकून तुम्हाला एक तर वाईट वाटेल, नाहीतर हसू येईल. दोन्हीतलं अधिक वाईट कोणतं, याचा विचार करण्यातच इतके दिवस गेले.

भरमा : तुम्ही बोला तर.

नेमगोंडा : शटलचा डबा माझ्याकडे असायचा.

भरमा : व्हय की. निपाणीच्या कॉलेजात जन्मभर पुस्तकं सांभाळलासा, म्हणून शालूबाई म्हणाल्या, डबा अण्णांकडंच द्या, काय हरवायचं न्हाय.

नेमगोंडा : ते त्यांचं सौजन्य. खरं कारण, कोर्टाबाहेर सगळ्यात जास्त वेळ बसलेला माणूस मीच होतो. तर त्या दिवशी घरी आल्यावर मी डब्यावरचं वाचलं.

त्रिशला : हे काहीही वाचतात. भडंगाची पुडी संपली की कागद उलगडून वाचतात.

नेमगोंडा : त्यावर ‘गूज फेदर’ असं होतं.

भरमा : म्हंजे?

नेमगोंडा : हंसाची पिसं. म्हणजे कोशात हंस दिलं आहे, चित्रात बदकासारखं दिसतं. मी समजत होतो कसलं तरी प्लास्टिक असेल. पिसं खरी असतील असं मनातही आलं नाही. मग आणखी वाचत गेलो आणि तिथंच फसलो. एका शटलला सोळा पिसं लागतात. ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात. बहुतेक डाव्या.

भरमा : म्हणून व्हय तुमचं शटल कायम डावीकडं जातंय.

नेमगोंडा : ते माझ्यामुळे. त्यात हंसाचा काही दोष नाही.

भरमा : आणि पिसं काढताना तो हंस जिता असतोय का...

नेमगोंडा : त्याबद्दल कुणी सरळ लिहीत नाही. आणि ज्याबद्दल सरळ लिहीत नाहीत ते चांगलं नसतं, एवढं मला नोकरीत कळलं होतं. भरमाण्णा, मी मध खात नाही. पावसाळ्यात पालेभाजी खात नाही. आणि सकाळी जैन बस्तीत भगवंताचं दर्शन घेऊन यायचं, आणि हंसाच्या पिसांना बॅटीनं मारायचं, असं तीन महिने चाललं होतं. बहुतेक वेळा लागत नव्हतं, तेवढीच पुण्याई.

भरमा : मग हे सांगायचं की आम्हाला. मधी गुडघा कशाला घातलासा?

नेमगोंडा : कसं सांगणार? रविवारी खेळ संपला की तुम्ही सगळे मटणाच्या दुकानाकडे वळता. त्या मंडळींपुढे उभं राहून मी पिसांबद्दल बोलू? दोन वर्षांपूर्वी या गावात आलेला माणूस, धड सर्व्हिस जमत नाही, आणि लोकांना शिकवायला लागला, असं वाटलं असतं.

भरमा : आम्ही मटण खातो, अण्णा. माणसं खात न्हाय.

नेमगोंडा : तसं मला म्हणायचं नव्हतं.

भरमा : मला वाईट कशाचं वाटलं सांगू? पिसांचं न्हाय. तुमचा धरम तुम्हाला, त्यात काय. पण मी तेल घेऊन आलतो. आमच्या हिनं शेतातनं निर्गुडीचा पाला काढून शेकायला धाडला. आणि तुम्ही एवढे दिवस माझ्यासंगं नसलेल्या गुडघ्याचं बोलत बसलासा.

त्रिशला : तो पाला यांनी शेकून घेतला, बरं का. तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून, रोज संध्याकाळी. काही झालेलं नाही त्या गुडघ्याला.

नेमगोंडा : वहिनींनी एवढ्या मायेनं पाठवला होता. वाया कसा घालवायचा?

भरमा : हे बघा. आता ह्या माणसावर रागवायचं तर कसं रागवायचं?

त्रिशला : मी पण हेच म्हणते, लग्न झाल्यापासून.

नेमगोंडा : आणखी एक आहे. ते हिलाही बोललो नाही.

त्रिशला : आता काय?

नेमगोंडा : मी खेळ हंसासाठी सोडला, याचीच मला खात्री नाही. हीच म्हणते ना, मी पुडीचा कागद सोडत नाही? मग तो डबा तीन महिने माझ्या पिशवीत होता, त्यावरचा मजकूर कसा नजरेला पडला नाही? नेमका बॅट झाडात अडकली त्याच दिवशी पडला. सगळ्यांसमोर फजिती झाली, आणि घरी येऊन मी न खेळायचं कारण शोधत होतो. मिळालं. जिंकत असतो तर वाचला असता का मी तो डबा? दोन दिवस हंसाचं वाईट वाटतं, दोन दिवस वाटतं, बिचाऱ्या हंसाला मी पुढे उभं केलंय आणि मागे मी लपलोय.

भरमा : लई खोल गेलासा तुम्ही. मला एवढं कळत न्हाय.

त्रिशला : मला कळतं. ऐका. मागच्या चातुर्मासात मुनिमहाराज आलते, तेव्हा मी रेशीम सोडलं, किडे मारून काढतात म्हणून. त्यात माझ्या मनाचं किती आणि शेजारच्या गुणाबाईनं सोडलं म्हणून किती, ते मी मोजत बसले नाही. सोडलं ते सोडलं. पण रेशीम सोडलं म्हणून लग्नाला जायचं सोडलं का? सुती नेसते आणि पहिल्या पंगतीला बसते.

भरमा : आणि सुतीच शोभतंय आक्का तुम्हाला. आमच्या मागावरचं असलं तर जास्तच.

त्रिशला : डॉक्टरांनी साखरेसाठी काहीतरी खेळा म्हटलं, तेव्हापासून मी बघते आहे यांचं. पोहायला गेले ते पायरीवर बसून पाण्याकडे बघून आले. हास्य क्लबात गेले...

नेमगोंडा : तिथं सगळ्यांचं हसून झालं की मला हसू यायचं. त्यांनी सभ्यपणे ध्यानाच्या वर्गाचा पत्ता दिला.

त्रिशला : ह्या एका शटलला हे मी न उठवता उठायचे. येऊन सांगायचे, आज शालूबाई असं म्हणाल्या, आज भरमाण्णांनी तसं केलं. बेळगावात आल्यापासून यांच्या तोंडी मी माणसांची नावं पहिल्यांदा ऐकली. आता परत पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात मला, जाहिरातींसकट. साखर वाढली ती वाढलीच, पण मला त्या जाहिराती सोसत नाहीत.

भरमा : मग नायलॉनचं शटल आणू की. गल्लीतली पोरं त्यानंच खेळत्यात.

नेमगोंडा : ते वेगळं उडतं. तुम्हा चांगल्या खेळणाऱ्यांना आवडत नाही, मला ठाऊक आहे. मी तेही वाचलं. माझ्या एकट्यासाठी सगळ्यांनी कशाला...

भरमा : ते शालूबाई ठरवतील. कॅप्टन त्या हायत. लावा फोन.

नेमगोंडा : तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्ही छान सांगता.

भरमा : मी न्हाय सांगणार. गुडघा तुमचा.

नेमगोंडा : मग आधी दोन ओळी लिहून घेतो. म्हणजे नीट बोलता येईल.

त्रिशला : काही लिहायचं नाही. दोन ओळींच्या खाली तळटिपा द्याल. हा घ्या फोन, लावलाय मी.

नेमगोंडा : अगं... हॅलो. शालूबाई, नमस्कार. मी नेमगोंडा. ... हो, गुडघा. गुडघा बरा आहे. ... नाही, म्हणजे तो बराच होता. ... तुमच्या हसण्यामुळे नाही हो. मुळीच नाही. ... थोडंसं असेलही. मला नक्की सांगता येत नाही. ... शटलला पिसं असतात ना, ती खरी पिसं असतात. हंसाची. ... हंस. ... डब्यावर लिहिलं आहे. ... तर मला त्यानं खेळणं जमायचं नाही. एरवीही जमत नव्हतं, पण हे वेगळं. बाकीच्यांनी खेळावं, माझं काही म्हणणं नाही. मला फक्त खरं कारण सांगायचं होतं. ... हो. ... हो. ... बरं, ठेवतो.

भरमा : काय म्हणाल्या?

नेमगोंडा : पहिल्यांदा विचारलं, हंस कुठला? मग म्हणाल्या, पहिला गेम नायलॉनच्या शटलनं खेळू, नंतरचे ज्याला जसे हवे तसे. आणि म्हणाल्या, नायलॉनचं असलं तरी स्मॅश तुमच्या डोक्यावरच मारणार.

त्रिशला : रागावल्या नाहीत ना?

नेमगोंडा : नाही. हसायला लागल्या. मी फोन ठेवेपर्यंत हसतच होत्या.

त्रिशला : मग झालं की. तोंड का असं करून बसलात?

नेमगोंडा : झालं कसलं? आता हंससुद्धा राहिला नाही लपायला. उद्या हरलो तर मीच हरलो.

भरमा : हरा की. पण वेळेवर या, अण्णा. इतके दिवस तुमच्या वाटणीचं मीच हरतोय.