यथोचित काही नाही

...आता तो बुधवार होता की गुरुवार, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण माझ्या आठवणीवर माझाच विश्वास नाही, आणि आमच्या हिचा तर कधीच नव्हता. पण वार कुठलाही असो, संस्थेतला जुना कॉम्प्युटर संध्याकाळी पाचला बंद करून भंगारात काढणार होते, आणि त्याच्या पोटात माझा समानार्थी शब्दांचा कोश होता. बावीस वर्षांचं काम. ते फ्लॉपीवर उतरवायचं आणि पाचच्या आत छापखान्याच्या माणसाच्या हातात द्यायचं, एवढंच. एवढंच, म्हणजे तुम्हाला. मला नाही.

कारण ते यंत्र म्हणजे नुसता काळा पडदा. चित्र नाही, खूण नाही, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय... आपण हुकमाचं नाव टाईप करायचं, तरच ते हलणार. आणि नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

"त्यात काय घाबरायचं, सर? 'अप्रोपो' टाईप करा, पुढे कामाचा एखादा शब्द टाका. कुठला हुकूम लागतो ते तेच सांगेल."

शब्द टाका, म्हणे. आणि हे कुणाला, तर समानार्थी कोशाच्या संपादकाला. तुम्हाला सांगतो, त्या रात्री मी बऱ्याच वर्षांनी गाढ झोपलो.

दुपारी दोनला बसलो. 'अप्रोपो' आणि पुढे 'कॉपी' टाकलं. यंत्रानं माझाच शब्द मला परत दाखवला, पुढे दोन टिंबं काढली आणि इंग्रजीत उत्तर दिलं, मराठीत सांगायचं तर, 'यथोचित काही नाही'.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र बिघडलंय. मी काय म्हटलं? म्हटलं, माझंच चुकलं. 'कॉपी' म्हणजे परीक्षेत करतात ती, जरा हलकाच शब्द आहे. 'डुप्लिकेट' टाकला. यथोचित काही नाही. बरोबर, त्याला बनावटपणाचा वास येतो. 'ट्रान्सक्राइब' टाकला, विद्वानांचा शब्द. यथोचित काही नाही. 'रिप्रोड्यूस' टाकताना तर आधी मागे कुणी उभं नाही ना ते पाहून घेतलं... तिथेही तेच. आता यथोचित म्हणजे किती यथोचित हवं हो माणसाला? साडेतीनपर्यंत एकेचाळीस शब्द झाले. शेवटी 'प्लीज'सुद्धा टाकून पाहिलं.

तेवढ्यात हिचा फोन.

"अहो, झालं का?"

"चाललंय."

"म्हणजे नाही झालं. कुणाला तरी विचारा."

"योग्य शब्द सापडत नाहीये गं."

"तुम्हाला? मी नुसतं 'कंटाळा आला' म्हटलं तरी अकरा पर्याय सुचवता, आणि त्या खोक्यापुढे दातखीळ बसली?"

चारला छापखान्याचा माणूस आला, हेल्मेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसला.

"किती वेळ, सर? मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"एका शब्दावर अडलंय."

"मग कोशात बघा की."

"कोश आतच आहे."

यावर त्या बिचाऱ्यानं हेल्मेट दुसऱ्या मांडीवर घेतलं.

पाचला दहा कमी असताना बाई पिशवी खांद्याला लावून निघाल्या, आणि मी सगळी अब्रू गुंडाळून ठेवून त्यांना आडवा गेलो. त्या बसल्याही नाहीत. वाकल्या, काहीतरी टाईप केलं, फ्लॉपीचा दिवा लागला, कुरकुर झाली...

"घ्या, झालं."

"हुकूम कुठला होता?"

"सीपी. म्हणजे कॉपीच, सर, आखूड केलेलं."

"अहो, पण मी 'कॉपी'च टाकलं होतं सगळ्यात आधी."

"हो का? मला नाही बाई माहीत. मला शोधायची वेळच आली नाही कधी."

आता बघा. शब्द बरोबर होता. तरी यथोचित नव्हता. मग अयोग्य कोण उरलं? विचारणारा. मी तिथल्या तिथे छापखान्याच्या माणसाला म्हटलं, मुखपृष्ठावर माझ्या नावापुढचं 'संपादक' काढा, 'संग्राहक' घाला. शब्द गोळा करता येतात मला, निवडता येत नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, सर, पण फ्लॉपी द्या." ही घरी म्हणाली, "खोक्यानं अपमान केला म्हणून बावीस वर्षांवर पाणी?" मी म्हटलं, अपमान नाही, मूल्यमापन.

नऊ वर्षांनी माझी भाची जेवायला आली होती, ती कॉम्प्युटरमधलीच. तिला हे सांगितलं तर ताट सरकवून हसत बसली.

"मामा, त्या शोधासाठी आधी एक सूची बनवून ठेवावी लागते. यंत्र बसवणाऱ्यानं ती केलीच नसणार. मग काहीही टाका, उत्तर तेच."

माझा लगेच विश्वास बसतो थोडाच? वाचनालयातून त्या यंत्राची जुनी पुस्तिका काढली, दोनदा वाचली. खरं होतं. एकेचाळीस शब्द मी रिकाम्या कपाटाला विचारत होतो, आणि कपाटाचं म्हणणं मनाला लावून घेतलं होतं.

प्रकाशकांना पत्र टाकलं, की माझं 'संपादक' मला परत द्या. त्यांचं लगेच उत्तर आलं, "दुसऱ्या आवृत्तीत अवश्य. पहिली संपू द्या." मला वाटलं, टाळतायत. म्हणून परवा स्वतः गोदामात जाऊन आलो. नाही, माणूस खरं बोलतोय. पहिली अजून छतापर्यंत आहे.