गार झाल्यावर सोडायचं

टिल्लू : आता सोडू दोरे?

आत्या : गार झालं का?

टिल्लू : झालंय गं आत्या! वरून तर झालंय.

आत्या : वरून नाही चालत. कापडाच्या पोटात बांधलेले मणीसुद्धा गार व्हायला हवेत. घाईघाईने सोडलं की कापड पुन्हा सपाट. मग बाहुलीचा फ्रॉक कसला, पिशवीचं अस्तर होईल त्याचं.

टिल्लू : मणी मी बांधले. मग वाफ देताना मला का नाही बोलावलंस?

आत्या : तुला वाफेची भीती वाटते ना! म्हणून दार लावून उरकलं.

टिल्लू : आता नाही वाटत. थोडीच वाटते.

आत्या : थोडी मलाही वाटते. आण इकडे, गालाला लावून बघते... हं, झालं गार. पहिला दोरा तू सोड. ओढू नकोस, उलटा फिरव.

टिल्लू : मणी निघाला! आणि फुगा तसाच! आत काहीच नाही तरी!

आत्या : नायलॉन आहे ते. गरम असताना ज्या आकारात बांधशील, तो आकार जन्मभर सोडत नाही. तुझ्या आजोबांसारखंच हट्टी. सुती असतं तर पहिल्या धुण्यातच सगळं विसरलं असतं.

टिल्लू : ताणून बघू?

आत्या : ताण, चुरगाळ, काय हवं ते कर.

टिल्लू : परत येतंय! आत्या...

आत्या : काय गं?

टिल्लू : हे माझ्या हातासारखं आहे. भाजलेल्या.

आत्या : अगं बाई! माझ्या डोक्यातच नाही गं आलं. ठेव, ठेव ते. आपण दुसरं करू, चुण्यांचं.

टिल्लू : ठेवू कशाला? छान आहे की. हे लोक विकत घेतात ना?

आत्या : साधे फ्रॉक पडून राहतात, हे आधी उचलतात. पोरी हात फिरवत बसतात त्यावर.

टिल्लू : मीपण फिरवते. रात्री, पांघरुणात.

आत्या : कशावर? हातावर? मग मामाच्या लग्नाला लांब बाह्यांचाच फ्रॉक हवा म्हणून का अडून बसलीस? एवढ्या उकाड्यात? तुझी आई म्हणते, पोरीला लाज वाटते.

टिल्लू : मला कुठे लाज वाटते?

आत्या : मग?

टिल्लू : कोणाला सांगणार नाहीस?

आत्या : नाही सांगणार.

टिल्लू : आईला हात दिसला की ती रडते. आंघोळ घालतानासुद्धा भिंतीकडे बघायची. मग मीच म्हटलं, मी मोठी झाले, माझी मी करते. चहाचं पातेलं मी ओढलं होतं, तिने नाही. तरी तीच रडते. झाकलं की नाही रडत.

आत्या : इकडे ये. बस मांडीवर. एवढीशी चिमुरडी, आणि आईची आई होऊन बसलीस होय गं?

टिल्लू : तूपण रडतेयस.

आत्या : रडले तर रडले! हे बघ, नाक पुसलं, संपलं. रडू येतं नि जातं, त्याच्यासाठी हात कशाला झाकायचा? मी कोणाला सांगणार नाही. पण तू सांग तिला.

टिल्लू : सांगता नाही येत.

आत्या : मग दाखव.

(आई टेप घेऊन दारात येते.)

आई : काय गुलूगुलू चाललंय दोघींचं? ताई, हिचं माप घेतलंत का? लांब बाहीला कापड पुरेल ना?

आत्या : कापडाचं राहू दे, वहिनी. तुझ्या लेकीने काय केलंय ते बघ आधी.

आई : अय्या, हे एवढाले फुगे तू बांधलेस? हात फिरवावासा वाटतो गं!

टिल्लू : खूप गरम झालं ना, म्हणून तसं झालं. आता ते तसंच राहणार. आई...

आई : काय राजा?

टिल्लू : बाही वर केलीये. हेपण बघ. रडलीस तरी चालेल.

आत्या : वहिनी, मान फिरवू नकोस.

आई : नाही फिरवत. आण बाळा, उजेडात आण. दुखतं का गं अजून?

टिल्लू : छे. खाजतं कधीकधी.

आई : इथे मऊ आहे... इथे जरा जाड... आणि हे? अगं, हा तीळ! कोपराजवळचा! तान्ही होतीस तेव्हा दिवसातून दहादा मुका घ्यायचे मी याचा. मला वाटलं, तोही गेला.

टिल्लू : नाही गं, कुठे गेलाय? तूच बघत नव्हतीस.